दोन गोळ्यांपुरती नळी

ऑरिनने दोन्ही नळ्या रबरी चटईवर शेजारी शेजारी ठेवल्या. फाउस्टोने बारीक नळी उचलली.

"ही बसव," तो म्हणाला.

ऑरिनला ते पटलं नाही. बंदुका दुरुस्त करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती आणि फाउस्टो इतुर्रीला तो त्याच्याही आधीपासून ओळखत होता. फाउस्टोची कार्बाइन, मेंढ्यांवर टपलेल्या कायोटी कोल्ह्यांसाठी ठेवलेली आखूड रायफल, समोर उघडून पडली होती. तिची जाड नळी आणि वरचा जुना सांगाडा बदलून ती होईल तितकी हलकी करायची होती. सांगाड्याचं लगेच ठरलं. अॅल्युमिनियमचा, गुळगुळीत, नको ते सगळं काढून टाकलेला. घोडं अडलं ते नळीपाशी.

ऑरिनने पुन्हा समजावलं. बारीक नळी हलकी खरी, पण लवकर तापते, आणि तापली की गोळ्या भरकटतात. मधली थोडी जड आहे, पण ती दम धरते.

"तू कायोटीवर दोन गोळ्या झाडून कधी थांबलायस का रे? अख्खं मॅगझिन रिकामं करतोस. तुझ्या हातचा कायोटी गोळी लागून नाही, बहिरा होऊन मरतो."

एरवी फाउस्टोने उलटा टोला हाणला असता. आज तो नळीकडे बघत राहिला. पहिल्या दोन गोळ्या तरी सरळ जातील ना, एवढंच त्याने विचारलं. पहिल्या दोन कशातूनही सरळच जातात, ऑरिन म्हणाला.

"मग झालं तर."

फेब्रुवारीत बॉइसी शहरातल्या डॉक्टरांनी फाउस्टोला समोर बसवून सांगितलं होतं. पानगळीत मेंढ्या डोंगरावरून खाली उतरतील तेव्हा तो असेलच, असं काही त्यांना म्हणता येत नव्हतं. घरी येऊन त्याने मायालेनला पित्ताचं कारण सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो बायकोशी पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तिने ते चटकन मान्य केलं, याचंच त्याला नवल वाटलं होतं.

त्याच्यामागे मायालेन मेंढ्या विकणार नव्हती. हे तिला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी एका एडक्याने तिला कुंपणावर आदळलं, तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. तेव्हापासून रायफल उचलली की पाच आकडे मोजेपर्यंत नळीचं टोक खाली यायचं. मागच्या महिन्यात कायोटीने तिच्या डोळ्यांदेखत कोकरू उचललं. ती स्वयंपाकघरात येऊन "हात खाली आला" एवढंच म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. ती कधी दोनच्या वर गोळ्या झाडायची नाही. गोळ्या काय झाडाला लागतात, असं फाउस्टोला सुनवायची.

ऑरिनने बारीक नळी नव्या सांगाड्यात तात्पुरती बसवून दिली. फाउस्टोने रिकामी रायफल घेतली. खांद्याला नीट लावली नाही. गुडघ्यात जरा वाकून, मायालेनच्या उंचीवर, डाव्या हातावर ती तोलून धरली आणि मनातल्या मनात मोजू लागला. विसापर्यंत टोक हललं नाही. त्याचा स्वतःचा दंड आता काठीसारखा झाला होता. या हाताला जमलं म्हणजे तिच्या हाताला जमणार.

रायफल खाली ठेवताना त्याला धाप लागली. ऑरिनने स्टूल पुढे सरकवलं.

फाउस्टो बसला आणि त्याने एक विनंती केली. हे काम मायालेनच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. तो रायफल कपाटात ठेवून देणार होता. तिला लागेल तेव्हा ती सापडेल.

ऑरिन बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाचे कोरडे झाले होते.

"मायालेन मंगळवारी येऊन गेली," तो म्हणाला. "फाउस्टोचे हात आता थकतात, त्याची रायफल हलकी करून दे, पण त्याला कळू देऊ नकोस, म्हणाली. मी बारीक नळी दाखवली. नको म्हणाली. त्याला दहा उडवल्याशिवाय चैन पडत नाही, मधलीच बसव."

"माझ्या हातांचं तिला कुणी सांगितलं?"

"बॉइसीच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं, मार्चात. तिनं ते वाचलं आणि परत चिकटवून ठेवलं."

फाउस्टोने मान खाली घातली. महिनाभर त्याच्या ताटात न मागता पातळ सूप येत होतं. मांस तो टेबलाखाली कुत्र्याला द्यायचा आणि आपण तिला छान फसवतोय असं समजायचा. आणि ती समोर बसून, खिडकीबाहेर बघत, त्याला ते देऊ देत होती.

दुकानाचा फोन भिंतीवर होता. तो उठला. घरचा नंबर फिरवताना त्याला दोनदा थांबावं लागलं. तिने उचलला तेव्हा मागे कोकरांचा कालवा चालला होता.

"ऑरिनकडे ये," तो म्हणाला. "रायफल घेऊन बघायचीय, हाताला बसते का."

पलीकडून नुसती कोकरं ओरडत राहिली.

"कुणाच्या हाताला?" तिने विचारलं.

फाउस्टोने डोळे मिटले.

"तुझ्या."