पुस्तकातलं हाड

चिंगीच्या वाकड्या नडगीचा एक्स-रे पाहिला की डॉक्टर खुर्चीतून उठायचेच. शेजारच्या डॉक्टरांना हाक मारायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. "असं हाड मी फक्त पुस्तकात पाहिलंय," म्हणायचे आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सुचवायचे. चिंगीलाही आता सवय झाली होती. डॉक्टर दिसले की फ्रॉक सावरून ती आपणहून पाय पुढे करायची.

आजच्या डॉक्टरीणबाई फक्त लहान मुलांची हाडंच बघणाऱ्या होत्या. बाबांना आत यायचा धीर होईना. ते बाहेरच बाकावर बसले. आईच चिंगीला घेऊन आत गेली.

चिंगीने पाय पुढे केला. बाईंनी एक्स-रे उजेडात धरला आणि लगेच बाजूला ठेवला.

"पाय खाली घे गं, फोटो नकोय मला. आई, असं हाड असलेली सकाळपासूनची ही तिसरी. ऑपरेशन करू, मग प्लास्टर. पळेल नंतर."

आणि तोंडावर हात धरून त्यांनी जांभई दिली.

आई बाहेर आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" बाबांनी घाबरत विचारलं.

"अहो, त्यांनी चक्क जांभई दिली," आई म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.