बासरीची जागा

“काकी, मधी माझी बासरी एकटीच वाजंल. तिथं तुमी पेटी वाजवायची नाय हां!” नऊ वर्षांच्या दिपालीनं मला बजावलं होतं. पेटी, पखवाज आणि बासरी, अशा तिघांनी मिळून वाजवायची ती रचना तिनं स्वतः बांधली होती. मी तिला तसा शब्द दिला.

नव्याण्णव सालच्या गोकुळाष्टमीला ती रचना गावच्या मुरलीधरापुढे वाजायची होती. पखवाजवाले भगीरथभाऊ खर्डीहून आले. पण भजनी मंडळाच्या बुवांनी दिपालीला देवळाच्या पायरीवरच अडवलं.

“तोंडानं फुंकलेली बासरी उष्टी. देवापुढं नाय चालायची. जा गो घरी!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काकी, तिची जागा तुमी पेटीवर भरा. आन् आज तुमचं अष्टमीचं मौन, म्हंजे भांडणबी नाय!”

सगळे हसले. दिपाली डोळे पुसत वाडीकडे निघाली. मी देवाला हात जोडले आणि पेटी मिटून उठले.

“आवो काकी, देवाला सोडून कुठं चाललाव?”

मी बुवांना मुरलीधराच्या ओठांवरची बासरी दाखवली, पेटी डोक्यावर घेतली आणि वाडीची वाट धरली.