मागच्या वर्षाचं माप

पहिलं आर्थिक वर्ष

नवा कृत्रिम पाय दोन बोटं आखूड निघाला.

शिंप्याने आपल्या मुलीला परत बाकावर बसवलं आणि संस्थेच्या हिशेबनीस बाईंकडे पाहिलं. बाईंनी समजावलं. माप वर्षाच्या सुरुवातीला घेतात, मंजुरी मधे कधीतरी येते, खरेदी शेवटच्या महिन्यात होते. ज्या वर्षाचा पैसा, त्याच वर्षात खर्च. नवं माप म्हणजे नवा अर्ज, आणि तो पुढच्या आर्थिक वर्षात.

"पोर वाढायला वर्ष संपायची वाट बघत नाही हो, बाई."

"कळतं मला. पण वर्ष काही माझ्या हातात नाही."

बाईंनी मुलीला बिस्किटांचा पुडा दिला. अर्ज भरून होईपर्यंत तिने तो फस्त केला.

"पोट आहे की पोतं," शिंपी हसला.

दुसरं आर्थिक वर्ष

पुन्हा आखूड.

शिंप्याने विचारलं, वाढत्या अंगाच्या कपड्यात आम्ही शिलाईत जादा कापडाची माया सोडतो, तशी पायात नाही का सोडता येत? पाय बसवणारा तंत्रज्ञ म्हणाला, लांब पायावर चालली तर पाठ वाकडी होईल. बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावून पाहिला. उत्तर तेच आलं. वर एक नियमही कळला: तिसरा अर्ज शेवटचा.

नव्या निळ्या फ्रॉकमधली मुलगी कुबड्या काखेत धरून दाराशी उभी होती. शिंपी बराच वेळ गळ्यातल्या टेपशी चाळा करत बसला. मग उठून त्याने स्वतःच तिचं माप घेतलं.

"हेच लिहा, बाई. पुढचं माझ्याकडे लागलं."

तिसरं आर्थिक वर्ष

पाय बसला.

तंत्रज्ञाला पट्टा तेवढा दोन भोकं आत घ्यावा लागला. मुलगी आधी भिंतीला धरून चालली, मग न धरता. अंगात तोच निळा फ्रॉक होता, शिलाईतली माया अजून उसवलेली नव्हती. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, यंदा नशिबाने साथ दिली बघा. शिंपी मान खाली घालून टेप गुंडाळत राहिला.

बाईंनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. मुलीने हात पुढे केला, मागे घेतला आणि वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, आता पोटभर खाऊ?"