जंत गेले तरी

"शौचाच्या तपासणीत जंत नाहीत. अंडीसुद्धा नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्यानं पोरीच्या सावत्र आईकडे पाहिलं. चोर मुद्देमालासकट सापडावा, तसं.

"बघा, मी म्हणत नव्हते? पोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा झालीय. जंत नाहीत, तर मग ताटातलं जातं कुठं? आता ही माझ्याकडेच राहील."

निकालाची वाट कोण बघतो! पोरीच्या कपड्यांची पिशवी ती सकाळीच भरून घेऊन आली होती. पोर दोघींच्या मधे बसून पाय हलवत होती. सावत्र आईची नजर त्या पिशवीवरच खिळली होती. आत्याच्या लेखी ती कबुलीच.

"थांबा," डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. "रक्त वेगळं सांगतंय. जंतांशी लढायला शरीर अँटीबॉडी तयार करतं. हिच्या रक्तात त्या भरपूर आहेत. जंत गेले तरी त्या काही महिने टिकतात."

"म्हणजे जंत नाहीतही आणि होतेही? यात काहीतरी पाणी मुरतंय."

"होते. बहुतेक कुणीतरी औषध देऊन घालवलेत. कुणी दिलं?"

"मी," सावत्र आई म्हणाली. "मागच्या महिन्यात. दुकानातून आणलं होतं."

"मग इतके दिवस काय दातखीळ बसली होती?" आत्या कडाडली.

"भीती वाटली, वन्सं. सख्ख्या आईच्या पोरीला जंत झाले, तर ते नुसते जंत असतात. माझ्या पोरीला झाले की माझे हात घाणेरडे, माझं घर घाणेरडं." तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. "पोरगी न्याल म्हणून लपवलं, आणि तेच अंगाशी आलं."

आत्या जरा गडबडली. पण जंतांवर औषध आहे, संशयावर कुठलं? तिनं पोरीला जवळ ओढलं, आवाजात साखर घातली.

"खरं सांग हं, बाळ. काय पाजलं हिनं तुला? कसं लागलं?"

"गोड. पण आधी आई प्यायली. मग मी."

"आई का प्यायली?"

पोरीला या प्रश्नाचं नवलच वाटलं.

"तूच सांगितलंयस ना, आत्या? आईनं काहीही दिलं, तर आधी तिला खायला लावायचं."