चक्रापुरती बांगडी

"बाई, बांगडी द्या ना! चक्र काढायचंय."

सकाळपासून केशरी-हिरवे कागद कापून बालवाडीच्या शालनबाईंची बोटं आखडली होती. दर पंधरा ऑगस्टला झेंड्यावरचं चक्र मुलं त्यांच्याच बांगडीभोवती पेन्सिल फिरवून काढत. सवयीने हात मनगटाकडे गेला. मनगट मोकळं होतं. वैशाखात नवरा गेला तेव्हा जावांनी बांगड्या उतरवल्या. नको म्हणायलाही अंगात त्राण नव्हतं.

"नाहीत गं आता."

चिमुरड्या तनूने स्वतःची बांगडी काढून दिली. यंदा सगळी चक्रं इवलीशीच झाली.

बाई बांगडी परत देऊ लागल्या, तर तनू ती त्यांच्याच हातात चढवायला लागली. बांगडी बोटांवरच अडली.

"हात सैल सोडा, बाई," ती कासारासारखी म्हणाली.

कितीतरी महिन्यांनी बाईंनी हात सैल सोडला.