फुंकर

सकाळचे आठ. रात्रपाळीहून आलेल्या नर्सपुढे वहिनीने झोप आणणाऱ्या कॅमोमाइलच्या फुलांचा काढा ठेवला. आई गेल्यापासून नर्सच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"निमूट पी. जगाला झोपवतेस आणि स्वतः मात्र घुबड!"

"आईसारखी फुंकर घालून दे ना, वहिनी."

"लाडोबा!" वहिनी हसून ओट्याकडे वळली.

खिडक्या बंद होत्या, पंखाही. तरी कपातली वाफ एकाएकी नर्सपासून दूर वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली. धाप लागलेलं माणूस थांबत थांबत फुंकर घालतं, तशी. शेवटी शेवटी आईला अशीच धाप लागायची.

"राहू दे गं आई," ती पुटपुटली. "दमशील."

काढा गार झाला, वाफ विरली. तिच्या कपाळावरची बट मात्र अजून हलत होती, थांबत थांबत.