उजवा खांदा

धबधब्यामागे एक बुडालेली बाई राहते आणि पाण्याकडे पाठ करणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवते, ही गोष्ट माझीच. गाडीचं पंक्चर काढून घेताना रचलेली. गाइडगिरीत खरं सांगून पोट भरत नाही. पर्यटक नावाच्या प्राण्याला पाण्यात पाणी दिसतच नाही, त्याला भूत लागतं.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं. तोरा असा, की गाडीबरोबर धबधबाही यांनीच बुक केलाय. साहेबांचं डोकं फोनमध्ये. मी पाण्याकडे पाठ करून गोष्ट ठोकून दिली.

"अय्या, खरंच?" बाईसाहेब म्हणाल्या.

"अगदी शपथेवर." यांना काय, काहीही खपतं.

तुषारांनी माझा उजवा खांदा भिजला. मग भर उन्हात गाव फिरवलं, जेवणं झाली, शर्ट वाळला. खांदा तेवढा ओलाच राहिला.

शेवटी जुन्या शिल्पांचं संग्रहालय. तिथे मी कधीच आत जात नाही. यांना आत सोडायचं आणि बाहेर चहा ढोसायचा. आज बाईसाहेबांनी आतून हाक मारली, "अहो, ही बघा तुमची गोष्ट!"

झिजलेल्या दगडात धबधबा कोरला होता. त्याच्याकडे पाठ करून एक माणूस हातवारे करत होता, पुढ्यात एक जोडपं ऐकत होतं. पाण्यातून एक बाई अर्धी बाहेर आली होती. तिचा हात त्याच्या उजव्या खांद्यावर होता.

"किती जुनं असेल हो हे?" साहेबांनी दिवसभरात पहिल्यांदाच काही विचारलं.

मी थाप मारायला तोंड उघडलं, आणि खांद्यावरच्या ओलीने बोटं आवळली.